मल्लूअण्णा तोंड उघडत नाहीत

मल्लूअण्णा माणसाला नाव नंतर विचारायचे, दात आधी.

"पावणं, दात किती?"

गल्लीत नवा भाडेकरू येऊ दे, नाहीतर मत मागायला उमेदवार हात जोडून दारात उभा असू दे, पहिला प्रश्न हाच. एकदा शेजारच्या पोरीला बघायला पुण्याचा इंजिनिअर आला होता. अण्णांनी त्याला जिन्यातच गाठलं. ते बिचारं घाबरून जिभेनं दात मोजायला लागलं, ते वर जाऊन पोहे खातानाही मोजतच होतं. पोरीनं नकार कळवला. का गं म्हटलं, तर म्हणाली, "सारखी तोंडात जीभ फिरवत हुतं ते."

समोरच्यानं काहीही आकडा सांगितला तरी अण्णांचं पुढचं वाक्य ठरलेलं. "आमचं बत्तीस. मोजून घ्या." आणि नखानं पुढच्या दातावर टिचकी. वय वर्षं एकाहत्तर. सुपारी दातानं फोडायचे, सोड्याचं टोपण दातानं काढायचे, आणि माझ्या गिरणीचा पट्टा तुटला तेव्हा त्याची दोरीसुद्धा दातानंच तोडली होती.

माझी पिठाची गिरणी आहे. अण्णांचं घर बरोबर समोर. गिरणीच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की घरात मी प्रेमानं बोलले तरी आमच्या मालकांना वाटतं भांडण काढलं. त्यामुळं गल्लीत अण्णांशी बरोबरीनं बोलणारी मी एकटीच. ते मला 'तंगी' म्हणायचे. त्यांच्या घरात निम्मं कानडी, तंगी म्हणजे धाकटी बहीण. बाकी कुणाला ते कुठल्याच नात्यानं हाक मारायचे नाहीत.

चाळीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात एका अडत्याकडं गुळाची पारख केली. सौद्याच्या आधी गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा फोडायचा, दाताखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं. हा नदीकाठच्या उसाचा. हा खाऱ्या रानातला. ह्यात साखर घातलीया. ह्यो गूळ केला तवा मालकाचं घरात भांडण झालतं. हे शेवटचं ते उगीच ठोकून द्यायचे, पण दहातले पाच शेतकरी खाली मान घालायचे म्हणे. यार्डात त्यांच्या शब्दाला एवढा मान की मोठे मोठे व्यापारी त्यांच्या जबड्याकडं बघत उभे राहायचे.

निवृत्त झाल्यावर ही पारख माझ्या गिरणीत आली. संध्याकाळी बाकावर बसायचे आणि येईल त्याच्या डब्यातले चार गहू दाताखाली घालायचे. कट्ट आवाज आला की "एक नंबर." नाही आला की "दोन नंबर, उन्हात घाला." मग माणसांनाही नंबर. नवा वायरमन दोन नंबर. आमचे मालक दीड. मी काय म्हणून विचारायला गेले नाही, उगीच कशाला डोक्याला ताप.

साखरेचा आजार त्यांना जुनाच. पण ते कबूल कुठं करायला! "मला साखरेचा रोग हाय, गुळाचा न्हाय," म्हणून खिशातनं खडा काढायचे आणि डॉक्टरच्या दवाखान्याच्या पायरीवरच तोंडात टाकायचे. ह्या माणसाला काय करावं?

त्यांची बायको गंगव्वा. हुपरीची. ह्या बाईचा आवाज मी पंचवीस वर्षांत दहा वेळा ऐकला असेल. माहेरच्यांचं चांदीचं काम होतं. ते लोक एसटीनं माल पाठवायचे आणि ही उंबऱ्यात उजेडाला बसून पैंजणाच्या कड्या जोडायची. केसाएवढी तार, बारीकशी पक्कड, आणि मान खाली. अण्णा बाहेर गल्लीभर ओरडत असायचे आणि ही आत तार वळवत असायची. मूलबाळ झालं नाही. दोन वर्षांपूर्वी गंगव्वा चार दिवसांच्या तापानं गेली. अण्णा रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाकावर येऊन बसले आणि कुणाच्या तरी ज्वारीला दोन नंबर म्हणाले. मला इतका राग आला, की त्या दिवशी मी त्यांना चहा विचारला नाही.

पण मग हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं.

आधी गहू चावणं बंद झालं. बोटानं चोळून नंबर द्यायला लागले. मग बोलताना तोंडापुढं टॉवेल. मग भाकरी दुधात कुस्करून, तीही उजव्या बाजूनंच. "दात किती" विचारायचे, पण टिचकी बंद. आणि तोंडाला वास यायला लागला. थोडाथोडका नव्हे, पिठाच्या गिरणीत उभं राहून मला कळावा इतका. बाकावर त्यांच्या शेजारी बसणारी माणसं एकेक करून उभीच राहायला लागली.

आपल्याला मनात ठेवायची सवय नाही. मी एक दिवस गिरणी बंद करून सांगितलं, "अण्णा, तोंडाला घाण वास येतोय. दातवाल्याला दाखवा."

"तुझ्या गिरणीतलं उंदीर मेलं असंल, तंगी," म्हणाले आणि उठून गेले. आठ दिवस आले नाहीत.

नवव्या दिवशी आले तेव्हा माझ्या गिरणीच्या तीन पायऱ्या चढायला त्यांनी दोनदा थांबा घेतला. बाकावर बसल्यावर कितीतरी वेळ नुसते श्वास घेत होते. पायाला सूज. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, "म्हातारपण." पण दहा वर्षांचं म्हातारपण आठ दिवसांत कसं येईल? मी आमच्या मालकांना गिरणीवर बसवलं आणि अण्णांना रिक्षात घालून हृदयाच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हृदयाची एक झडप खराब झालीय. रक्त पुढं जायचं ते मागं फिरतंय. झडप बदलायला लागेल आणि लवकर. तीन आठवड्यांनी गुरुवारी ऑपरेशन.

"म्हंजे दार लागंना झालंय," अण्णा म्हणाले. "बसवा की दुसरं."

"बसवू. पण त्याआधी दातांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं. तोंडात काही पू, सूज नाही असं."

आत्तापर्यंत अण्णांचा चेहरा शांत होता. छाती फाडणार म्हटल्यावरही शांत होता. आता एकदम बदलला.

"छातीचं काम हाय न्हवं? मग तोंड कशाला?"

डॉक्टर चांगले होते, चिडले नाहीत. म्हणाले, "हिरड्या कुजलेल्या असल्या की तिथले जंतू रोज थोडे थोडे रक्तात जातात. चावताना जातात, घासताना जातात. धडधाकट माणसाचं शरीर त्यांना मारतं. पण नवी झडप बसवली आणि हे जंतू तिच्यावर जाऊन बसले, तर मला काही करता येत नाही. माणूस जातो. तोंड साफ झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि दात काढावे लागले तर जखम भरायला दहा दिवस तरी हवेत."

म्हणजे हिशेब सरळ होता. दहा-अकरा दिवसांच्या आत अण्णांनी तोंड उघडायचं. नाही उघडलं तर गुरुवार गेला, आणि गुरुवारनंतर अण्णा किती दिवस दम धरतील हे डॉक्टर बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

आता ह्यात अवघड काय, सांगा. आ करायचं!

पहिल्या दिवशी मी त्यांना दातांच्या दवाखान्यात बसवून आले. तासाभरानं परत गेले तर हे बाहेरच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांचे दात विचारून झालेले आणि आतनं हाक आल्यावर "जरा लघवीला जाऊन येतो" म्हणून घरी निघून गेलेले.

तिसऱ्या दिवशी मी आतपर्यंत गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा लावलेल्या, बोलायला मऊ. अण्णा खुर्चीत आडवे झाले. वरचा दिवा लागला. त्या म्हणाल्या, "आजोबा, आ करा."

अण्णा ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडं बघत राहिले. मग नाकातनं म्हणाले, "तुमचं दात किती?"

"अठ्ठावीस. अक्कलदाढा कॉलेजात असतानाच काढल्या."

अण्णा खुर्चीतनं उठले. "अठ्ठावीसवाल्यानं बत्तीसवाल्याला काय शिकवावं?" आणि चपला घालून बाहेर. मी त्या बाईंची माफी मागितली. त्या हसल्या, पण हसणं संपल्यावर म्हणाल्या, "वास मला इथपर्यंत आला हो. त्यांना लवकर आणा."

सहाव्या दिवशी अण्णा स्वतःहून गिरणीत आले. खुशीत. खिशातनं कागद काढून माझ्या पुढ्यात धरला. "सर्टिफिकीट. चल हार्टवाल्याकडं."

कागद त्यांच्या जुन्या अडत्याचा होता. छापील लेटरहेड, वर गणपती, खाली गोल शिक्का. मजकूर असा : 'सदर इसमाचे दात आम्ही चाळीस वर्षांपासून पाहत आलो असून माल उत्तम व टिकाऊ आहे. तरी पुढील व्यवहार करण्यास हरकत नाही.'

मी पोट धरून हसले. हसता हसता वर बघितलं तर अण्णा हसत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की हा कागद चालेल. यार्डात चाललाच असता की! तिथं त्या शिक्क्यावर गाड्याच्या गाड्या माल सुटायचा. हा माणूस आयुष्यभर जिथं जगला तिथं पारख एकदा झाली की झाली. दुसऱ्यानं फोडून बघायचं नाही. माझं हसू तिथंच थांबलं.

"अण्णा, तुम्हाला भ्या वाटतंय काय? सुईचं?"

"मला? गाढवे, मला?" म्हणाले. पण धाप लागली, आणि पुढचं वाक्य आलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी माझ्याकडं दळणाची गर्दी होती. गिरणी धडधडत होती. अण्णा बाकावर बसून हात हलवत होते. मला वाटलं, कुणाच्या तरी गव्हाला नंबर देतायत. मी दुर्लक्ष केलं. परत बघितलं तर हात हलायचा थांबलेला आणि ओठ निळे पडलेले. मी खटका पाडला. आख्खी गिरणी गप्प झाली आणि त्या शांततेत फक्त अण्णांच्या छातीचा आवाज येत होता, खळखळ खळखळ, पाण्यातनं आल्यासारखा.

कसं नेलं, कुणी रिक्षा आणली, मला आठवत नाही. पिठानं माखलेल्या साडीवरच मी दवाखान्यात उभी होते. इंजेक्शनं दिली, छातीतलं पाणी उतरवलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"दात झाले का?"

"न्हाय."

"बाई, ऐका. दात झाल्याशिवाय मी छाती उघडणार नाही. आणि असं आणखी एकदा झालं तर मला उघडायची वेळच येणार नाही. गुरुवार गाठायचा तर हातात तीन दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांना घरी सोडलं. हुपरीहून गंगव्वाचा भाचा आला होता, तो औषधं आणायला गेला. घरात मी आणि ते दोघंच. मी दाराला आतनं कडी घातली आणि सुरू झाले. किती बोलले, काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. गल्लीतल्या बायका खिडकीत आल्या होत्या म्हणे.

"कुणासाठी ठेवलायसा ते दात? संगट घेऊन जाणार हाय काय वर? बत्तीस दात घेऊन मेलासा तर तिथं काय सौदा लावणार हाय व्हय कुणी? माणूस जीव द्यायला तयार हाय आणि दात द्यायला न्हाय! मी काय बघितलं न्हाय असलं माणूस!"

अण्णा खाटेवर बसून ऐकत होते. एरवी एका शब्दाला चार शब्द करणारा माणूस खाली बघत होता. माझा दम संपला तसे ते हळूच उठले, कोनाड्यातली बॅटरी घेतली, माझ्या हातात दिली, आणि खुर्ची उजेडाला ओढून बसले.

"बघ," म्हणाले. आणि तोंड उघडलं.

वास असा आला की मला मागं सरकावं लागलं. मग बॅटरी मारली. हिरड्या लाल नव्हत्या, जांभळ्या होत्या, दातांपासून सुटून खाली उतरलेल्या. दातांच्या मुळाशी पिवळा थर. आणि खालच्या पुढच्या चार दातांभोवती काहीतरी काळं काळं होतं. मी बॅटरी जवळ नेली.

तार होती. केसाएवढी. एका दाताच्या पुढनं, दुसऱ्याच्या मागनं, अशी चारी दातांतनं फिरवलेली आणि आतल्या बाजूला पीळ देऊन बसवलेली.

"चांदीची हाय," अण्णा म्हणाले. "काळी पडलीया."

"कुणी बांधली?"

"आमच्या घरातनं."

मग त्यांनी सांगितलं. गंगव्वा जायच्या आधी सहा-सात महिने खालचा एक दात हलायला लागला. मग शेजारचा. गल्लीभर बत्तीस बत्तीस म्हणून हिंडलेला माणूस आता एकतीस कुठल्या तोंडानं म्हणणार? दोन दिवस जेवले नाहीत. कुणाला बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गंगव्वानं हातातलं पैंजण बाजूला ठेवलं, म्हणाली, "हिकडं या, डोस्कं ठेवा मांडीवर." आणि उंबऱ्यातल्या उजेडाला बसून तिनं पैंजणाच्या तारेनं दात बांधले. तासभर लागला. झाल्यावर पक्कड पदराला पुसून म्हणाली, "बत्तीसच हाईत. मी कुणाला सांगत न्हाय."

"आणि तिनं सांगितलं न्हाय, तंगी. मरूस्तवर न्हाय."

ती गेल्यावर ब्रश लावला की रक्त यायला लागलं. अण्णांना भीती वाटली, घासलं तर तारेचा पीळ सुटेल. म्हणून त्या बाजूनं घासणं बंद केलं. मग चावणं बंद केलं. रोज आरशात बघायचे, तार आहे का जागेवर. दोन वर्षं हा माणूस तोंड मिटून जपत होता, आणि मी त्याला म्हणाले होते की गिरणीत वास मारतोयस.

"ती खुर्चीवाली बाई पहिल्यांदा हेच कापणार," ते म्हणाले. "घरात तिचं दुसरं काय न्हाय गं. जे बनवलं ते सगळं हुपरीला गेलं. हे एवढंच ऱ्हायलंय."

मी बॅटरी कोनाड्यात ठेवली. राग गेला होता पण त्याच्या जागी काय आलं ते मला माहीत नव्हतं. खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. मग डोक्यात आलं ते बोलले.

"अण्णा, कड्या जोडताना एखादी खराब निघाली तर वहिनी काय करायच्या?"

"कापायची."

"सगळा पैंजण झाल्यावर ध्यानात आलं तर?"

"तरी कापायची. पयल्यापासनं करायची परत."

"जीव तुटायचा न्हाय त्यांचा?"

अण्णांनी उंबऱ्याकडं बघितलं. बाहेर कुणीतरी माझ्या गिरणीची कडी वाजवत होतं, मी हललेही नाही.

"न्हाय," ते शेवटी म्हणाले. "कापताना हसायची उलट." मग टॉवेलानं तोंड पुसून म्हणाले, "उद्या कितीला उघडतंय ते दुकान? तू येणार न्हवं संगट?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवर आडवे झाल्या झाल्या अण्णांनी स्वतःहून आ केलं. डोळे मात्र घट्ट मिटले. मी पायापाशी उभी होते. त्यांच्या पायाची बोटं आखडली होती.

डॉक्टरीणबाईंनी आरसा घातला आणि थांबल्या. मग हिरड्यांत बारीक सळई घालून बघितली आणि मला समजावून सांगितलं. हिरडीच्या खाली खोल पू साठलाय, हाड झिजलंय. दुखत नाही म्हणून माणूस गप्प बसतो आणि हे आतनं पोखरत जातं. "रक्त आलं म्हणून घासायचं थांबवलंत, तिथंच चुकलं आजोबा. रक्त येतं म्हणजे हिरडी सुजलीय, अजून साफ करा म्हणून सांगतेय ती. आणि ह्यामुळंच तुमची साखर खाली येत नाही, आणि साखर खाली येत नाही म्हणून हिरडी भरत नाही. दोघं एकमेकांना धरून बसलेत." सहा दात काढायला लागतील म्हणाल्या. चार खालचे आणि दोन दाढा. बाकीचे साफ करून वाचतील.

सव्वीस, मी मनात म्हटलं. अण्णांनीही मोजलं असणार.

जंतू मारायचं औषध आधीच दिलेलं होतं. मग बधिर करायची सुई दिली. बाईंनी बारीक कात्री घेतली, तारेपर्यंत नेली, आणि परत बाहेर काढली. चष्म्यावर दुसरी भिंगाची काच लावली आणि खाली वाकून बघायला लागल्या. अर्धा मिनिट. मला वाटलं, आणि काय नवीन निघालं आता?

"ही तार कुणी बांधली?"

अण्णांच्या तोंडात नळी होती. मी म्हटलं, "त्यांच्या मंडळींनी. वारल्या त्या."

"दातांच्या डॉक्टर होत्या?"

"छ्या! हुपरीच्या हुत्या. पैंजण जोडायच्या."

बाई परत वाकल्या. "हलणारे दात तारेनं बांधायला आम्हाला कॉलेजात शिकवतात," म्हणाल्या. "मला चार महिने लागले शिकायला. पण प्रत्येक पीळ इतका सारखा, आणि टोक असं आत वळवलेलं की जिभेला एकदाही टोचू नये, हे मला अजून जमत नाही. खालची हिरडी आजारी होती ते त्यांना कसं कळणार? पण हात फार सुंदर होता हो त्यांचा."

आणि मग त्यांनी तार कापली. चारही दात चिमट्यानं धरल्याबरोबर निघून आले, जोर लावावाच लागला नाही. दोन वर्षं ते नुसत्या तारेवर उभे होते.

अण्णांच्या मिटल्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, कानापर्यंत. बाईंनी घाबरून विचारलं, "दुखतंय का आजोबा?" त्यांनी मान हलवली. नाही. त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे होते, त्यामुळं बोलता येत नव्हतं, आणि दोन दिवस ते बोललेच नाहीत.

पुढं सगळं धावपळीत गेलं. रोज मिठाच्या पाण्यानं गुळण्या. बाईंनी दोन बैठकींत बाकीचे दात साफ केले. साखरेची औषधं हृदयाच्या डॉक्टरांनी बदलून दिली, आणि खिशातले गुळाचे खडे मी काढून घेतले, शिव्या खाऊन. दोन दिवस गिरणी बंद ठेवून मी त्यांच्या उशाशी बसले होते, श्वास मोजत. गुरुवारच्या आदल्या दिवशी बाईंनी आरसा घालून बघितलं आणि सर्टिफिकेटवर सही केली. हा कागद मी दोन्ही हातांत धरून दवाखान्यात नेला.

गुरुवारी सकाळी त्यांना आत घेतलं. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओठ मिटलेले. मी आणि हुपरीचा भाचा बाहेर बाकड्यावर बसलो. दुपार झाली. भाच्यानं चहा आणला, तो तसाच गार झाला. प्रत्येक वेळी दार उघडलं की मी उभी राहायचे. आयुष्यात इतका वेळ मी न बोलता कधी बसले नव्हते. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "झडप बसली. आता बघू."

ते 'बघू' तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी अण्णांना साध्या खोलीत आणलं. मी पातळ पेज घेऊन गेले. उशीला टेकून बसले होते, खालचा ओठ आत गेलेला, चेहरा एकदम दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"तंगी, ती डॉक्टरीण काय म्हटली ते ऐकलंस न्हवं तू?"

"व्हय. ऐकलं की."

"पंचवीस वर्सं ती उंबऱ्यात बसून कड्या जोडायची. मी रोज सकाळी तिच्यावरनं पाय टाकून यार्डात जायाचो आणि जगाच्या मालाला नावं ठेवून संध्याकाळी तिच्यावरनंच पाय टाकून आत यायाचो. एकदाबी वाकून बघितलं न्हाय गं, ही काय करत्या ते. कसलं झालंय म्हणून तिनं कधी इचारलं न्हाय आणि मी कधी सांगितलं न्हाय. आणि ती मरून दोन वर्सं झाल्यावर एक परकी बाई माझ्या तोंडात वाकून बघत्या आणि म्हणत्या, हात सुंदर हुता."

मला पेजेचं भांडं खाली ठेवावं लागलं. मग विचारलं, "तार आणू काय मागून? ठेवली असली तर देतील त्या."

"नको," अण्णा म्हणाले. "बघितलं की कुणीतरी. बास झालं."

मग त्यांनी पेज मागितली. मी चमच्यानं भरवली, तोंड पुसलं, नर्सला दोन गोष्टी सुनावल्या आणि निघाले. खाली येऊन रिक्षात बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की अण्णा एवढं सगळं सलग बोलले आणि मधे एकदाही त्यांना धाप लागली नाही. मग मात्र मला रडू आवरेना. रिक्षावाला आरशातनं बघून म्हणाला, "काय झालं मावशी, कोण गेलं काय?"

"गेलं न्हाय," मी म्हटलं. "ऱ्हायलं. तू पुढं बघून चालव."